शुक्रवारी येणारा फोन

१

"उम्म युसरी, खात्यात एकशे चाळीस पौंड आहेत," काचेपलीकडून शुक्रीसाहेबांनी दुसऱ्यांदा सांगितलं. पहिल्या वेळी माझ्या सासूबाईंना वाटलं होतं की आपल्याच ऐकण्यात चूक झाली.

"दोन लाखांच्या वर होते," त्या म्हणाल्या. "दमिएत्तातल्या घरातला माझा वाटा विकला त्याचे. तुम्हीच भरून घेतलेत."

"होते. मंगळवारी सकाळी तीन हप्त्यांत गेले." शुक्रीसाहेबांनी चष्मा काढला. गेली वीस वर्षं ते त्याच खिडकीत बसतात. माझ्या सासऱ्यांचं पेन्शनही त्यांनीच सुरू करून दिलं होतं. "तुम्ही फोनवर कुणाला आकडे सांगितलेत का? मोबाइलवर जो कोड येतो, तो?"

"सांगितले. तुमच्या बँकेला."

"बँक कोड विचारत नाही, हाज्जा. कधीच नाही. पाटी लावली आहे बघा."

"मला फोन करणाऱ्यानं नाही हो विचारलं," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, उलट अगदी खाली गेला. "ज्याचा फोन आला तो माणूस म्हणाला, माझ्यावर विश्वास ठेवू नका, फोन ठेवा आणि कार्डाच्या मागे छापलेला नंबर स्वतः लावा. मी ठेवला. मी स्वतः लावला. एकेक आकडा चष्म्यानं वाचून. बँकेच्या बाईनं उचलला. तिला सांगितले."

शुक्रीसाहेबांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. कार्डामागचा नंबर बँकेचाच होता. म्हणजे चोर बँकेत बसला होता, किंवा सासूबाई खोटं बोलत होत्या, किंवा तिसरंच काहीतरी.

मी शेजारी उभी होते. कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले होते. मी त्यांचा हात धरायला गेले तर त्यांनी तो काढून घेतला. मुद्दाम नाही, पण काढून घेतला. बाहेर आल्यावर आम्ही फेरीबोटीच्या धक्क्यापर्यंत चालत गेलो. तिथे त्या थांबल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्या बाईनं एक गोष्ट सांगितली होती. म्हणाली, दोन दिवस घरात कुणाला कळू देऊ नका. पैशांवर डोळा ठेवणारं माणूस तुमच्या घरातलंच आहे."

त्यांच्या घरात मी सोडून कुणी नव्हतं.

२

मी मेरवत. युसरीची बायको; त्याच्या आईला म्हणूनच सगळे उम्म युसरी म्हणतात. लग्नाला नऊ वर्षं झाली, त्यातली चार तो माझ्याबरोबर होता. मग मालवाहू जहाजावर इंजिनखोलीत लागला, आणि इटलीत लिव्होर्नोच्या बंदरात उतरला तो जहाजावर परत चढलाच नाही. पहिली दोन वर्षं फोन यायचे, पैसे यायचे. मग पैसे थांबले, मग फोन. त्याला तीन वर्षं झाली. मागच्या उन्हाळ्यात आमच्या मोहल्ल्यातल्या एका खलाशानं त्याला तिथल्या धक्क्यावर पाहिलं. तब्येत बरी होती म्हणे. म्हणाला, घरी सांग, करतो फोन.

म्हणून आमच्या घरात तारेचा जुना फोन अजून आहे. लोकांनी कधीच काढून टाकले. सासूबाई म्हणतात, युसरीला हाच नंबर पाठ आहे, मोबाइलचा नाही. फोन वाजला की त्या हातातलं टाकून धावतात. कोण बोलतंय, ओळखीचं आहे का, हा प्रश्न त्यांना उचलल्यावर पडतो.

गुरुवारी संध्याकाळी इस्माइलियाहून माझी नणंद सोहैर आली. ती बसली नाही.

"कार्ड कुठे असतं हे कुणाला ठाऊक होतं?"

"मला," मी म्हटलं. "आणि तुला. कपाटात, कुराणाच्या पिशवीखाली."

"मी इस्माइलियात होते."

"मी कारखान्यात होते. सात ते चार. शर्टांना बाह्या जोडत. हजेरी बघ हवं तर."

"आकडे दुसऱ्या कुणाला देऊन ठेवायला हजेरी आडवी येत नाही."

सासूबाई भिंतीकडच्या दिवाणावर बसल्या होत्या. त्यांनी "सोहैर, पुरे" म्हटलं, पण पुरे म्हणणाऱ्या माणसाचा आवाज तसा नसतो. सोहैर आत गेली. माझं कपाट उघडल्याचा आवाज आला. मी उठले नाही. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक पाकीट होतं.

"हे काय आहे?"

पासपोर्टचा अर्ज होता. भरलेला. सोबत माझे सहा फोटो, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे.

"आईचे पैसे घेऊन तू निघाली होतीस," सोहैर म्हणाली.

सासूबाईंनी अर्ज हातात घेतला. त्यांना इतकं बारीक वाचता येत नाही, पण फोटो दिसत होते. बराच वेळ त्या फोटोंकडेच बघत राहिल्या.

"कुठे जाणार होतीस, पोरी?"

"लिव्होर्नोला," मी म्हटलं. "त्याला विचारायला."

"काय विचारायला?"

सोहैरनं पाकीट मिटलं आणि म्हणाली, उद्याच्या उद्या पोलिसांत नाव देते, नाहीतर हिनं आजच घर सोडावं.

३

मदाम तहियांना बोलवायचं सासूबाईंनी ठरवलं. मी नाही, सोहैरनं तर नाहीच.

मदाम तहिया आमच्या मागच्या गल्लीत राहतात. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. जहाजांचे परदेशी कॉल त्या जोडून द्यायच्या, तेव्हापासून त्यांना सगळे मदाम म्हणतात. मोहल्ल्यातल्या दोन चोऱ्या आणि एक घटस्फोट त्यांनी नुसतं लोकांचं बोलणं ऐकून सोडवला, असं म्हणतात. शुक्रवारी सकाळी त्या आल्या. डाव्या कानानं त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांनी खुर्ची फिरवून उजवा कान सासूबाईंकडे केला आणि पिशवीतून तुर्मुसच्या खारवलेल्या दाण्यांची पुडी काढून मांडीवर ठेवली.

"रतीबा, मला गोष्ट सांगू नकोस. बोललेलं सांग. तो काय म्हणाला, तू काय म्हणालीस. तुला काय वाटलं ते मागाहून."

"आता ते आठवतंय का जसंच्या तसं?"

"आठवतं. घाबरलेल्या माणसाला सगळं आठवतं. फोन कधी वाजला?"

"मंगळवारी, दहाच्या सुमारास. तांदूळ निवडत होते. तरुण माणूस. म्हणाला, हाज्जा रतीबा का, मी बँकेच्या सुरक्षा विभागातून. कैरोतून कुणीतरी तुमचे पैसे काढतंय, आत्ता, या क्षणी. मी म्हटलं, मी काय करू. म्हणाला, मला एकही आकडा सांगू नका, मी कोण हे तुम्हाला काय माहीत. फोन ठेवा, कार्डामागचा नंबर लावा."

"तू ठेवलास. किती वेळानं पुन्हा उचललास?"

"कार्ड त्यानं आधीच टेबलावर काढून ठेवायला लावलं होतं. लगेच."

"उचलल्यावर कानात तो लांब सूर आला? नंबर लावायच्या आधी येतो तो."

सासूबाईंनी आठवून पाहिलं. "लक्ष नव्हतं. आकडे दाबत गेले."

"मग घंटी?"

"घंटी…" त्या थांबल्या. "नाही वाटतं. शेवटचा आकडा दाबला आणि बाई बोललीच. म्हणाली, ग्राहक सेवा, बोला. फार गोड आवाज. तिनं कार्डाचा नंबर घेतला, मग मोबाइलवर कोड आला तो घेतला. तीनदा आला. म्हणाली, हे कोड पैसे अडवायला आहेत."

मदाम तहियांनी एक दाणा सोलला आणि खाल्ला नाही. "पुढे. शेवटी काय म्हणाली?"

"घरात सांगू नका म्हणाली. घरातल्याच कुणाचा तरी डोळा आहे. सून सकाळी सातला जाते ना, ती यायच्या आत हे उरकू. आणि म्हणाली, शुक्रवारी मुलाचा फोन येईल तेव्हा त्याच्याही कानावर घालू नका, परदेशातली लाइन कुणीही ऐकतं."

मी खाली बघितलं. सोहैर खिडकीशी गेली. बाहेर कालव्यात एक जहाज हळूहळू सरकत होतं, घरांच्या वरून त्याचा फक्त वरचा मजला दिसत होता.

"झालं," मदाम तहिया म्हणाल्या. "मेरवत, आवर तुझं. तू माझ्याबरोबर चल."

"तिला कशाला?" सोहैरनं विचारलं.

"कारण तूच तिच्यावर आळ घेतला आहेस. ती समोर असली की लोक तिच्याविषयी काय वाटतं ते तोंडानं नाही, चेहऱ्यानं सांगतील. मला दोन्ही बघायचं आहे."

जिन्यात त्या मला म्हणाल्या, "यात एक वाक्य असं आहे की तेवढ्यावरून मी माणूस ओळखीन. कोणतं ते विचारू नकोस. तुला कळलं की तुझ्या चेहऱ्यावर दिसेल."

४

शुक्रवार, म्हणून बँकेला सुट्टी होती, पण शुक्रीसाहेब घरी सापडले. बाल्कनीत बसून मासे साफ करत होते. आम्हाला बघून त्यांनी हात धुतले, तरी वास राहिलाच, आणि त्याची त्यांना लाज वाटली.

"माझ्यावर संशय आहे?"

"सगळ्यांवर आहे," मदाम म्हणाल्या. "त्या नंबरावर फोन केला की काय होतं?"

"आधी रेकॉर्ड वाजतं. अमुकसाठी एक दाबा, तमुकसाठी दोन. मग संगीत. नशीब बरं असेल तर दहा मिनिटांत माणूस येतो. मी स्वतः लावला तरी तेच."

मदामनी तिथल्या तिथे त्यांच्या मोबाइलवरून लावून पाहिला. रेकॉर्ड वाजलं, संगीत वाजलं. चौदा मिनिटांनी एक पेंगुळलेला माणूस आला. मदामनी काही न बोलता बंद केला.

"रतीबा दर महिन्याला येते ना तुमच्याकडे?"

"पेन्शनच्या दिवशी." शुक्रीसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. "पेन्शन घेतात आणि मग विचारतात, इटलीहून काही आलं का. मी मशीनमध्ये बघतो. खरं म्हणजे बघायची गरज नसते, मला माहीत असतं. तरी बघतो. तीन वर्षं बघतोय."

ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. पेन्शनच्या दिवशी त्या घरी यायच्या तेव्हा कोथिंबीर घेऊन यायच्या आणि बाजारभावाविषयी बोलायच्या.

मोबाइलवाल्या बहगतचं दुकान मशिदीच्या कोपऱ्यावर आहे. सासूबाईंना मोबाइल त्यानंच विकला, बँकेचे संदेश येण्याची सोय त्यानंच करून दिली, त्यासाठी कार्डही हातात घेतलं होतं. शिवाय मंगळवारी दुकान बंद होतं. आम्ही आत शिरलो तेव्हा नवं कोरं वातानुकूलन यंत्र भिंतीवर चढवायला दोन माणसं शिडीवर होती.

"हे कधी घेतलंस?" मदामनी विचारलं.

"हप्त्यावर," बहगत म्हणाला. "आणि मंगळवारी कैरोत होतो. मेव्हण्याचं ऑपरेशन. कागद दाखवू? सगळा मोहल्ला कालपासून माझ्याकडे असं बघतोय की जणू माझ्या पिशवीतच पैसे आहेत."

"उम्म युसरी तुझ्याकडे येते?"

"पंधरा दिवसांनी." तो थोडा वरमला. "मोबाइल दाखवायला. म्हणते, बहगत, बघ रे, घंटी नीट वाजते ना, बाहेरच्या देशातून फोन आला तर लागेल ना. मी माझ्या फोनवरून लावून दाखवतो. वाजतो. मग ती म्हणते, हां, वाजतो, आणि जाते. कधी पैसे घेतले नाहीत मी त्याचे." शिडीवरच्या माणसांना तो उगाचच ओरडला, नीट धरा म्हणून.

दुकानाबाहेर आल्यावर वारा सुटला होता. मदामनी डोक्यावरचा रुमाल घट्ट केला.

"काय ऐकलंस?"

"दोघांनाही आईंची कीव येते," मी म्हटलं.

"ते झालं. अजून?"

मी विचार करत चालले. पोर्ट फुआदची फेरीबोट धक्क्याला लागत होती, सीगल पक्षी तिच्यामागे गोळा झाले होते. आणि अचानक मला ते वाक्य ऐकू आलं, सासूबाईंच्या आवाजात, जसंच्या तसं. मी उभी राहिले.

"दिसलं," मदाम तहिया माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाल्या. "आता घरी जाऊन गप्प बस. आधी बँकेची बाई कुठून आली ते दाखवते."

५

आम्ही परत आलो. सोहैर सासूबाईंना चहा देत होती. मदाम तहियांनी सांगितलं, माझा चष्मा घरी राहिला, घेऊन येते, आणि गेल्या. पाच मिनिटांनी फोन वाजला. सासूबाई धावल्या.

"तहिया? … हो. … बरं." त्यांनी आमच्याकडे वळून सांगितलं, "म्हणते, फोन ठेव, बँकेचा नंबर लाव आणि पैसे कधी मिळतील ते विचार. आज तर बँक बंद आहे."

"लाव, तिला समजतं," सोहैर म्हणाली.

सासूबाईंनी फोन ठेवला. कार्ड घेतलं, चष्मा लावला, रिसीव्हर उचलला. एकेक आकडा दाबला. मी मोजले, सगळे बरोबर दाबले. शेवटचा दाबून त्यांनी कानाला लावला, आणि रिसीव्हर एकदम कानापासून लांब केला.

सोहैरनं रिसीव्हर काढून घेतला. मीही कान जवळ नेला.

"ग्राहक सेवा, बोला," मागच्या गल्लीतून मदाम तहियांचा आवाज आला. "सोहैर का? मी आता फोन ठेवते. त्याआधी तुम्ही दहादा ठेवलात तरी ही लाइन माझीच आहे."

त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या नाकावर चष्मा नव्हता. त्या कधी लावतच नाहीत.

"आपल्या मोहल्ल्याच्या एक्स्चेंजला ही खोड मी होते तेव्हापासून आहे," त्या बसत म्हणाल्या. "ज्यानं फोन लावला त्यानं ठेवला नाही, तर घेणाऱ्यानं ठेवून उपयोग नसतो. दोन-तीन मिनिटं तार तशीच जोडलेली राहते. त्या माणसानं फोन ठेवलाच नाही. नुसता शेजारच्या बाईला दिला. रतीबानं आकडे दाबले ते त्यांच्याच कानात वाजले. म्हणून सूर नाही, घंटी नाही, रेकॉर्ड नाही, चौदा मिनिटांची वाट नाही. बँकेत कुणी चोर नव्हता आणि कार्डावरचा नंबरही खोटा नव्हता. फक्त तो दुसऱ्या फोनवरून लावायला हवा होता. नाहीतर सरळ चालत जायचं, बँक काही दमिएत्तात नाही."

सोहैरला हे पटलं, पण ती मागे हटली नाही. "ठीक. पण घरातलं त्यांना कुणी सांगितलं? आईचं नाव, पैसे कुठून आले, मेरवत सातला जाते. कुणीतरी सांगितल्याशिवाय कळलं का?"

"सांगितलंच. आता कुणी ते बघू. तू आधी मला सांग, तुझा भाऊ शुक्रवारी फोन करतो?"

सोहैरनं आईकडे पाहिलं.

"आज शुक्रवार आहे. आला का? मागच्या शुक्रवारी? तू बोल, बाई."

"नाही करत," सोहैर म्हणाली. "तुम्हाला माहीत आहे, मदाम. कशाला विचारता."

"मला माहीत आहे. तुला माहीत आहे. शुक्री दर महिन्याला मशीनमध्ये बघतो, त्याला माहीत आहे. बहगत पंधरा दिवसांनी घंटी वाजवून दाखवतो, त्याला माहीत आहे. आणि ही…" त्यांनी माझ्याकडे बोट केलं नाही, फक्त हनुवटी वळवली, "ही तर पासपोर्ट काढायला निघाली. जिचा नवरा दर शुक्रवारी बोलतो, ती त्याला काही विचारायला समुद्रापार जात नाही. यांच्यापैकी कुणीही त्या चोराला माहिती विकली असती, तर म्हणालं असतं, मुलगा बेपत्ता आहे, त्याच्या नावानं रडव तिला. पण त्या बाईला वाटत होतं की मुलगा दर शुक्रवारी फोन करतो. तिला जे कळलं ते अशा माणसाकडून, ज्यानं तसं सांगितलं." मदामचा आवाज आता एकदम हलका झाला. "या सबंध गावात असं सांगणारं एकच माणूस आहे, रतीबा. मंगळवारच्या आधी तुला अजून कोण फोन करत होतं?"

सासूबाईंनी चहाचा पेला खाली ठेवला. बोलताना त्या भिंतीकडे बघत होत्या.

"दोन महिने झाले. एक तरुण माणूस. बँकेचं सर्वेक्षण आहे म्हणाला, म्हाताऱ्या ग्राहकांना सेवा कशी मिळते. पहिल्या दिवशी पाचच मिनिटं बोलला. मग आठवड्यातून दोनदा करायला लागला. कशा आहात हाज्जा, गुडघा कसा आहे, जेवलात का. काय जेवलात ते पण विचारायचा. मी सांगायची, आज माशांचा सय्यादिया भात केला. म्हणायचा, आमच्याकडे असा कुणी करत नाही. एकदा विचारलं, मुलं किती. मी म्हटलं, मुलगी इस्माइलियाला. मुलगा इटलीत. आणि तोंडातून निघून गेलं, दर शुक्रवारी फोन करतो."

त्यांनी ओढणी सारखी केली.

"एकदा म्हटलं, मग पुढच्या वेळी त्यानं विचारलं, काय म्हणाला मुलगा शुक्रवारी. मग मला काहीतरी सांगावं लागलं. म्हटलं, त्याला बढती मिळाली. म्हटलं, सुनेची आठवण काढत होता. तिला तिकडे न्यायचं म्हणतो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मी आठवडाभर ठरवत बसायची, या शुक्रवारी युसरी काय म्हणाला असेल. सुनेची सुट्टी कधी, घर कुणाच्या नावावर, दमिएत्ताचे पैसे कुठल्या बँकेत, हे सगळं त्यातच सांगितलं असणार. मला वाटायचं मी युसरीबद्दल बोलतेय."

सोहैर त्यांच्या पायाशी बसली आणि तिनं त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं. माझी क्षमा तिनं त्या दिवशी मागितली नाही. आठवड्यानं मागितली, स्वयंपाकघरात, भांडी पुसताना, आणि मी म्हटलं, असू दे.

"ती दोघं पुन्हा फोन करतील," जाताना मदाम तहिया म्हणाल्या. "ज्यानं एकदा दिलं त्याच्याकडे ते परत येतात. या वेळी म्हणतील, तुमचे गेलेले पैसे मिळवून देतो. तेव्हा फोन उचलायचा नाही असं मी सांगणार नाही, रतीबा, कारण तू उचलशीलच. फक्त एक ध्यानात ठेव. तुझ्या मुलाला तुझा कुठलाही आकडा लागत नाही. ज्याला लागतो तो तुझा मुलगा नाही, आणि बँकही नाही."

६

बँकेनं तीनपैकी शेवटचा, सगळ्यात लहान हप्ता वाटेतच अडवला. तो परत आला. बाकीचे गेले ते गेले. पोलिसांनी कागद लिहून घेतला. कुठल्या शहरातून, कोण, ते अजून कळलेलं नाही.

पुढच्याच्या पुढच्या शुक्रवारी मी घरी होते, सासूबाई तांदूळ धूत होत्या. फोन वाजला. त्या ओल्या हातानं धावल्या. मी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. पलीकडचा आवाज मला सगळा ऐकू येत होता.

"हाज्जा रतीबा? मी वसुली विभागातून बोलतोय. आनंदाची बातमी आहे. तुमचे पैसे सापडले. फक्त मोबाइलवर एक कोड येईल…"

सासूबाईंनी डोळे मिटले. "तुला ओळखलं मी," त्या म्हणाल्या. "आवाज जाड करून बोलतोस, तरी ओळखलं."

"हाज्जा, तुमचा काहीतरी गैरसमज…"

"कोड मी देणार नाही. ऐक. माझा मुलगा शुक्रवारी फोन करत नाही. कुठल्याच वारी करत नाही. तीन वर्षं झाली. तुला मी जे जे सांगितलं त्यातला एकही शब्द तो बोललेला नाही." त्यांनी श्वास घेतला. "मला एवढंच सांग. तू दर वेळी विचारायचास, जेवलात का. ते विचारायला तुला कुणी सांगितलं होतं, की तुझं तू विचारत होतास?"

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. कुणीतरी दुसरं मागे बोलत होतं, त्याला घाई करत होतं. मग लाइन तुटली.

सासूबाईंनी रिसीव्हर ठेवला आणि ओढणीच्या टोकानं त्याच्यावरचं पाणी पुसलं. परत स्वयंपाकघरात गेल्या. मी त्यांच्याबरोबर गेले आणि कांदा चिरायला घेतला. मासे तळायचे होते.

"तहियाला विचारलं मी," पातेलं गॅसवर चढवत त्या म्हणाल्या. "नवरा वर्षाच्या वर बेपत्ता असला, किंवा कुठे आहे ठाऊक असून येत नसला, तर बाईला कोर्टातून सुटता येतं. वकील तिच्या ओळखीचा आहे."

माझी सुरी थांबली. "तुम्ही मला घालवताय का, आई?"

"घर सोड असं कुणी म्हटलं? खोली तुझीच आहे. तुला पुढे कुणी भेटलं तर जा, नाही भेटलं तर राहा. दोन्हीत माझी हरकत नाही." त्यांनी तांदळात मीठ टाकलं, टाकलं की नाही हे विसरून पुन्हा टाकलं. "पण त्याच्यासाठी नको राहूस. आई आहे मी, मला वाट बघण्यावाचून इलाज नाही. तुला आहे. आणि तिकडे जाऊन त्याला काही विचारू नकोस. तो जे सांगेल ते तुला घेऊन परत यावं लागेल."

कुणीतरी आपल्याला हे म्हणावं म्हणून मी तीन वर्षं थांबले होते. दिवसा मशीनवर बसून मी हे वाक्य किती जणांच्या तोंडी घालून पाहिलं होतं: माझ्या आईच्या, इमामांच्या, स्वतः युसरीच्या. आणि आता ते खरोखर ऐकलं, तर मला आठवला तो लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यातला युसरी, दारातूनच माझं नाव घेत घरात येणारा, बूट काढायच्याही आधी. मी कुठल्या खोलीत आहे हे त्याला माहीत नसायचं, म्हणून तो सगळ्या घराला ऐकू जाईल असं म्हणायचा. मेरवत. एवढंच. त्याला काही सांगायचं नसायचं.

कांद्यामुळे डोळ्यांतून पाणी येत होतं, ते आम्ही दोघींनी कांद्यावरच सोडून दिलं.

"शुक्रवार-शनिवार कोर्ट बंद असतं," चिरलेला कांदा ताटलीत सारत मी म्हटलं.

"हो."

"रविवारी कारखान्यात सुट्टी मागते," मी म्हटलं, आणि तेल तापलं का ते बघायला कढईत कांद्याची एक फोड टाकली.